बोटाखालची लोकर

“केस कोणी कापले याचे?” डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता विचारलं, आणि शिवशंकर सरांच्या तोंडून पटकन निघून गेलं, “कटिंगवाल्यानं.” कुठला कटिंगवाला, कुठं बसतो, कुत्र्याचे केस कापणारा माणूस परभणीत आहे तरी का, यातलं काहीच बाईंनी विचारलं नाही. विचारलं असतं तर सरांनी दुकानाचा पत्तासुद्धा सांगितला असता, इतकं ते खोटं तयार होतं. टेबलावर कापशा आडवा पडला होता. जीभ लोंबलेली, डोळे अर्धे मिटलेले, पुढच्या पायात सलाईनची सुई, पोटावर ओलं फडकं. बाईंनी त्याच्या पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली. ती जागेवर बसायला फार वेळ लागला. गुलाबी कातडीवर लाल चट्टे उठले होते, खांद्याजवळ तर पापुद्रा निघाला होता. “त्या कटिंगवाल्याला सांगा, परत कुणाच्या जनावराला हात लावू नको म्हणावं,” बाई म्हणाल्या. “या जातीला केसांचे दोन थर असतात. ते केस म्हणजे याची सावली होती, सर. अंगावर घेऊनच फिरायचा. ती काढून घेतली आणि त्याला बेचाळीस डिग्रीत बाहेर बांधला.” सर हो हो म्हणाले. सांगतो त्याला, असंही म्हणाले. बाई वयानं त्यांच्या लेकीएवढ्या, सृष्टीएवढ्याच होत्या, आणि सत्तावीस वर्षं मानवतच्या शाळेत विज्ञान शिकवणारे सर त्यांच्यासमोर गृहपाठ न केलेल्या पोरासारखे उभे होते.

ऑटोत कापशाचं डोकं मांडीवर घेऊन बसल्यावर त्यांना घाम फुटला. खोट्याचा नव्हता तो. खोटं बोलायला मास्तर काही कुणाला हार जात नाहीत, जनगणनेपासून खिचडीच्या तांदळापर्यंत त्यांना सगळीकडं बोलावं लागतं. घाम फुटला तो खोटं किती सहज आलं याचा. असंच एक खोटं नऊ वर्षांपूर्वी असंच सहज आलं होतं, आणि त्याचं काय झालं हे पृथ्वीच्या पाठीवर फक्त दोन माणसांना ठाऊक होतं. एक सर. दुसरा कोपऱ्यावरचा लॉन्ड्रीवाला, आणि तो तर केव्हाच दुकान विकून नांदेडला गेला होता. ऑटोवाल्यानं आरशातून बघितलं आणि विचारलं, “मेंढरू हाय का कुत्रं हाय, सर?” कापशाचं धाप लागलेलं पोट त्यांच्या पँटला चिकटत होतं.

कापशा आला तो गेल्या आखाडात. सृष्टीनं पुण्यात नोकरी करताना त्याला पिल्लू असताना आणलं होतं. हस्की जातीचा, निळ्या डोळ्यांचा, आणि अंगानं फुटलेल्या बोंडासारखा, म्हणून नाव कापूस. मग तिची बदली बेंगळुरूला झाली आणि तिथल्या घरमालकानं कुत्र्याला नाही म्हटलं. “पप्पा, एक वर्ष. फक्त एक वर्ष संभाळा. याला गरमी सहन होत न्हाई, घरात कूलरसमोर ठेवा,” असं म्हणत ती रडली होती, आणि सरांनी छातीवर हात ठेवून जिम्मा घेतला होता. पोरगी मोठी झाल्यापासून तिनं त्यांच्याकडं मागितलेली ती पहिली गोष्ट. पण घरात बायकोला, विजयमालाबाईंना, दमा. पहिल्याच आठवड्यात त्या रात्रंदिवस पंपावर आल्या. गादीवर केस, कढीत केस, देवाच्या चौरंगावर केस. त्या बिचाऱ्या कधी बाहेर काढा असं म्हणाल्या नाहीत. नुसत्या भिंतीला टेकून श्वास ओढत बसायच्या, आणि सरांनाच ते बघवेना. कापशा अंगणात आला, शेवग्याखाली. पोर्चला पत्रा होता, पावसाला तेवढा पुरे. सृष्टीला मात्र त्यांनी सांगितलं, आत आहे, मजेत आहे. व्हिडिओ कॉल आला की सर पांढऱ्या भिंतीजवळ बसून फोन त्याच्या तोंडाशी न्यायचे, म्हणजे मागं काही दिसू नये.

पावसाळाभर त्याचे केस मुळाशी ओले राहायचे. वरून हात फिरवला तर कोरडे, आत बोट घातलं तर दमट, आणि वास असा की दूधवाला फाटकाबाहेरूनच हाक मारायचा. सर जुन्या लुंगीनं तासतास त्याला पुसत. या वासाची त्यांना किळस यायला हवी होती, पण यायची नाही. तो ओल्या लोकरीचा वास होता, राणीसावरगावच्या वाड्यातला, मेंढरांच्या वाड्यातला, जिथं त्यांचे वडील आश्रुबा पावसाच्या झडीत डोक्यावर घोंगड्याची खोळ घेऊन उभे असायचे आणि खोळीच्या टोकातून पाणी ठिबकत असायचं. सरांनी तो वास अंगावरून घालवायला डी.एड.ची दोन वर्षं आणि साबणाच्या किती वड्या खर्ची घातल्या होत्या. आता पन्नाशी उलटल्यावर तो फाटकातून आपल्या पायांनी आत आला होता.

आणि मग थंडी पडली. परभणीत थंडी पडते तेव्हा ती सांगून पडत नाही. पारा पाच-सहावर उतरला, माणसं कानटोप्या घालून शेकोटीला बसली, आणि या एकट्या जीवाला वर्षात पहिल्यांदा बरं वाटलं. पोर्च सोडून तो उघड्या फरशीवर झोपायचा. पहाटे सर त्याला कृषी विद्यापीठाच्या रस्त्यानं फिरायला न्यायचे. तो ओढायचा, ते त्याच्या मागं धावायचे, आणि धावता धावता मोठ्यानं हसायचे. छप्पन्न वर्षांचा माणूस धुक्यात एकटा हसत पळतोय हे कुणी पाहिलं असतं तर शाळेत कळवलं असतं. एके सकाळी कापशाच्या पाठीवर दव साचलं होतं. सरांनी सहज बोट आत घातलं. वर बर्फासारखं गार आणि बोटभर खाली चुलीजवळच्या भिंतीसारखं ऊबदार. त्यांना एवढा आनंद झाला की त्या दिवशी त्यांनी सातवीच्या वर्गात धडा सोडून तेच सांगितलं. लोकर उष्णतेची दुर्वाहक असते, ती आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरची आत येऊ देत नाही, म्हणून तर बर्फसुद्धा घोंगड्यात गुंडाळला की उशिरा वितळतो. पोरांनी ते वहीत लिहून घेतलं. सरांनी फळा पुसला. फळ्यावरचं पुसताना स्वतःच्या डोक्यातलंही पुसत असतील, नाहीतर पुढं जे झालं ते कसं झालं याचा दुसरा उलगडा नाही.

होळीनंतर केस झडायला लागले. मुठीमुठीनं निघायचे, वाऱ्यानं खिडकीच्या जाळीतून आत यायचे, आणि विजयमालाबाईंचा पंप महिन्याला दोन लागायला लागला. एप्रिल निम्मा सरला तसा पारा बेचाळीसवर गेला. शेवग्याची सावली ती केवढी, आणि ती दिवसभर सरकत जाते, साखळी काही सरकत नाही. सर सकाळी शाळेला जाताना साखळी एका बाजूला बांधायचे, परत येईपर्यंत सावली दुसऱ्या बाजूला. कापशा भिंतीच्या कडेला माती उकरून त्यात पोट टेकून पडायचा. शेजारचे दिनकरराव गच्चीवरून म्हणाले, “सर, या अस्वलाला कुलू-मनालीला तरी पाठवा न्हाईतर त्याची घोंगडी तरी उतरवा. पाप लागंल.” बायको म्हणाली, “अवो, मेंढरं न्हाईत का कातरीत तुमच्यात? तुमचा तर हातखंडा होता म्हणायचे मामंजी.” आणि सरांना वाटलं, खरंच की. एवढं साधं आपल्याला सुचलं कसं नाही.

आश्रुबांची कातर माळ्यावरच्या पेटीत होती. लांब पात्यांची, गंजलेली. सरांनी तिला दगडावर धार लावली, कापशाचे चारी पाय सुताच्या दोरीनं बांधून त्याला आडवा केला, आणि मानेपासून सुरुवात केली. हात विसरला नव्हता. चाळीस वर्षांनी कातर हातात आली आणि मनगट आपोआप वळायला लागलं, डाव्या हातानं कातडी ताणायची, उजवा चालू ठेवायचा. दिनकरराव गच्चीवरून बघत होते. विजयमालाबाई दारात तोंडाला पदर लावून उभ्या होत्या, आणि कितीतरी वर्षांनी सरांना आपण धनगराचा पोरगा आहोत याची लाज न वाटता ऐट वाटत होती. त्या ऐटीत त्यांनी अगदी कातडीपर्यंत कातरलं. वरचे राठ केस गेले, आतली मऊ लव गेली, तोंड आणि शेपूट तेवढी राहिली. “लय बेस केलं, सर,” दिनकरराव म्हणाले, “मोकळं झालं जनावर.” केस फेकायचे नसतात म्हणून सरांनी ते पोत्यात भरून माळ्यावर टाकले. त्या संध्याकाळी कापशा अंगणभर पळाला होता, हे खरं. दोनच दिवस. मग तो उन्हात गेला की कण्हायला लागला, फरशीवर पाठ घासायला लागला, आणि आठव्या दिवशी सर शाळेतून आले तर तो साखळी ताणून शेवग्याच्या दुसऱ्या बाजूच्या सावलीकडं तोंड करून पडलेला. सावलीत फक्त नाक पोचलं होतं. पातेल्यातलं पाणी एवढं तापलं होतं की सरांनी बोट बुडवून चटकन मागं घेतलं.

त्या पातेल्याची एक गोष्ट आहे, पण ती सरांनी कुणाला सांगितली नव्हती. नऊ वर्षांपूर्वी सरांची आई पारूबाई वारल्या, मेंढरं विकली गेली, आणि आश्रुबा परभणीला पोराकडं राहायला आले. खाली दोनच खोल्या, सृष्टीचं दहावीचं वर्ष, म्हणून म्हाताऱ्याची सोय गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत केली. म्हातारा कुरकुरला नाही. उघड्या रानात निजलेल्या माणसाला पत्रा म्हणजे बंगलाच. फक्त घोंगडं काही सोडीना. भर एप्रिलात, दुपारी, डोक्यावरून काळं घोंगडं पांघरून तो फाटकापाशी बसायचा. शाळेतले सहकारी घरी आले की हसू दाबायचे. “सर, बाबांना उकडत न्हाई का?” सर एकदा चिडून म्हणाले, “दादा, काढा ते. लोक काय म्हणतील.” आश्रुबा म्हणाले, “लोकायला काय ठावं? ऊन बी अडतंय रं यात. उघडं अंग भाजतंय, झाकलेलं न्हाई भाजत.” सरांना हा अडाणीपणा वाटला. एके दिवशी बोहारीण आली, बायनाबाई नावाची, नेहमीची. तिला दोन जुन्या साड्या आणि ते घोंगडं देऊन स्टीलचं पातेलं घेतलं. घोंगड्याला ती तयार नव्हती, सरांनीच तिच्या गाठोड्यात कोंबलं. म्हातारा चहा पिऊन आला आणि म्हणाला, “माझं घोंगडं कुठाय?” आणि तेव्हा ते खोटं आलं, आजच्यासारखंच, आपल्या पायांनी चालत. “धुवायला दिलंय, दादा. लॉन्ड्रीत.”

कापशाला घरी आणल्यावर विजयमालाबाईंनी आपण होऊन पुढची खोली मोकळी केली. “ऱ्हाऊ द्या आत,” म्हणाल्या, “मी मागं झोपते. तोंडाला फडकं बांधते.” कूलर त्याच्या तोंडावर लावला. शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या. सर चार दिवस त्याच्याजवळून हलले नाहीत. पोतं ओलं करून अंगावर टाकायचं, वाळलं की काढायचं, चमच्यानं ताक ओठांच्या कडेनं आत सोडायचं. दवाखान्यातून रोज माणूस येऊन सलाईन लावून जायचा. मूत्रपिंडावर आलंय, असं बाईंनी फोनवर सांगितलं, बघू या. सृष्टीचा कॉल यायचा, सर कट करायचे आणि लिहायचे, नेट नाही. ती जूनच्या पहिल्या आठवड्यात कापशाला न्यायला येणार होती. नवं घर मिळालं होतं तिला, कुत्रं चालणारं. महिना. एक महिना हा जगला पाहिजे, सर मनात म्हणत. केस काय, येतील. खरं काय ते नंतर बघू. आणि असं म्हणताना त्यांना स्वतःची शिसारी यायची, कारण ते कापशासाठी नवस बोलत होते का स्वतःसाठी, हे त्यांना नीट कळत नव्हतं.

तिसऱ्या दुपारी ताप बघायला त्यांनी तर्जनी त्याच्या पाठीवर आडवी टेकवली. कातडी तव्यासारखी लागली. बोट उचलायचं ते उचललं नाही, तसंच राहिलं, कारण त्यांना ते बोट ओळखीचं वाटलं. हे असं आडवं बोट त्यांनी पाहिलं होतं. त्यांचं नव्हतं ते, आश्रुबांचं होतं, काळं, भेगाळलेलं, मेंढराच्या पाठीवर आडवं टेकलेलं, आणि त्याच्या वरून कातर चाललेली. आठ-नऊ वर्षांचा शिवशंकर पाय धरून बसलेला. त्यानं घाई करून एकदा कातडीपर्यंत कातर नेली तेव्हा आश्रुबांनी त्याच्या डोक्यात टपली मारली होती. “बोट ठिव आधी. बोटाखालची लोकर मेंढराची, बोटावरची आपली. त्याचं त्याला ठिवावं, ल्येकरा. कातडं दिसलं की ऊन आत शिरतंय.” सगळं आठवलं, टपलीसकट. मनगट कसं वळवायचं हे हातानं चाळीस वर्षं जपून ठेवलं होतं, आणि बोट कुठं ठेवायचं एवढंच तेवढं टाकून दिलं होतं. सर तिथंच कुत्र्याशेजारी फरशीवर आडवे झाले. कूलरचा वारा दोघांवरून जात होता.

कारण बोट आठवलं तसं बाकीचंही आठवलं, जे ते विसरलेच नव्हते, फक्त त्याच्याकडं पाठ करून बसले होते. घोंगडं गेल्यावर आश्रुबा तीन दिवस विचारत राहिले. चौथ्या दिवशी भर वैशाखात दुपारी बारा वाजता, सर शाळेत आणि बायको झोपलेली असताना, ते उघड्या डोक्यानं, खांद्यावर पातळ उपरणं टाकून लॉन्ड्री शोधायला निघाले. शहराची माहिती नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात घोंगडं नव्हतं तर दुसऱ्यात गेले, दुसऱ्यात नव्हतं तर स्टेशनपर्यंत गेले. तिथून परत आले आणि पुन्हा कोपऱ्यावरच्या दुकानात बसले. “माझ्या पोरानं दिलंय म्हणं धुवायला, नीट बघ की,” असं म्हणत. दोन तास उन्हात हिंडून म्हातारा पत्र्याच्या खोलीत येऊन पडला तो उठला नाही. दिवस मावळायच्या आत गेला. सगळी भावकी आली, सगळ्यांना सरांनी एकच सांगितलं, ऊन लागलं. ते खोटं नव्हतं. दहाव्यानंतर इस्त्रीचे कपडे आणायला गेले तेव्हा लॉन्ड्रीवाल्यानं सांगितलं, तुमचे वालिद आले होते, सर, घोंगडं विचारायलते, लय वेळ बसले. सर त्याला म्हणाले, वय झालं होतं, भ्रम व्हायचा. आणि कपडे घेऊन आले.

पाचव्या दिवशी सकाळी कापशानं डोकं उचललं, खिडकीकडं बघितलं आणि ठेवून दिलं. विजयमालाबाई फडकं सोडून त्याच्याजवळ बसल्या. श्वास लागला तरी उठल्या नाहीत. मागच्या मोकळ्या प्लॉटवर सरांनी स्वतः खड्डा खणला. जमीन दगडासारखी, दुपारपर्यंत कुदळ चालत होती. दिनकरराव छत्री घेऊन आले आणि मुकाट्यानं त्यांच्या डोक्यावर धरून उभे राहिले. खाली घालायला काहीतरी हवं होतं म्हणून विजयमालाबाईंनी सतरंजी आणली. घोंगडं असतं तर, असं सरांच्या मनात आलं. संध्याकाळी फोन केला. सृष्टीनं विचारलं, “कशानं, पप्पा? कूलर होता ना?” आणि सर म्हणाले, “ऊन लागलं.” बायकोनं त्यांच्याकडं बघितलं आणि नजर खाली घातली. फोनवर पोरगी खूप वेळ रडत होती.

ती जूनमध्ये आली. आभाळ भरून यायचं आणि तसंच निघून जायचं, उकाडा जात नव्हता. तिनं साखळीला हात लावला, भिंतीच्या कडेचा उकरलेला खड्डा बघितला. कापशा कधी आत नव्हताच हे तिला कळलं असावं. पण आईचा पंप तिनं लहानपणापासून पाहिला होता, का ते तिला विचारायला लागलं नाही. संध्याकाळी ती गच्चीवर आली. सर पत्र्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले होते. माळ्यावरचं पोतं त्यांनी तिथं आणून ठेवलं होतं, तोंड बांधलेलं. ती त्यांच्याशेजारी बसली, त्यांच्या तळहातावरचे कुदळीचे फोड बघितले, त्यावरून अंगठा फिरवला. “आईनं सांगितलं मला,” ती म्हणाली, “पाच दिवस तुमी त्याच्यापासून हलला न्हाईत. माझंच चुकलं, पप्पा. मी न्यायला पाहिजे होतं. तुमी लय केलं त्याचं. आज्जाचं बी असंच केलं होतं तुमी, मला आठवतंय. गच्चीवर पाणी मारायचात रोज.”

गच्चीवर पाणी मारलं होतं, हेही खरं. त्या खऱ्यावर नऊ वर्षं निघाली होती, आणि आता आणखी वीस निघाली असती. पोरगी स्वतःहून कवाड उघडून देत होती, फक्त आत जाऊन बसायचं होतं. सरांनी पोत्याची गाठ सोडली. आत पांढरे, करडे केस दाबून भरलेले होते, गाठ सुटताच ते फुगून वर आले. सृष्टीनं आधी हात घातला आणि मग तिला समजलं. तिचा हात तसाच आत राहिला. सरांनीही हात घातला. एवढ्या उकाड्यात ते केस आतून गार होते. “कटिंगवाल्यानं न्हाई कापले,” ते म्हणाले, आणि तिला ते खोटं माहीतच नव्हतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. “मी कापले, सृष्टी. तुझ्या आज्जाच्या कातरीनं. पण ते नंतर सांगतो. आधी तुझ्या आज्जाचं सांगतो. खालून ते पातेलं घिऊन ये.”